छिद्रात अडकलेलं मॅग्नेशियम

(काचेची नळी तापते, ताणली जाते, दोन तुकडे होतात.)

हे टोक साधारण एक मायक्रॉन रुंद. आत क्षारांचं द्रावण आणि चांदीची तार. एकट्या पेशीतून वाहणारा विद्युतप्रवाह मोजायचा तर आजही याला तोड नाही.

(बुडबुडे. पाण्यात उंदराच्या मेंदूची चकती.)

हिप्पोकॅम्पसची ही चकती ०.३ मिलिमीटर जाड. प्राणवायू मिळत राहिला तर काही तास जगते. नव्या आठवणी घडतात त्या याच भागाच्या भरवशावर.

(टोक पेशीला टेकतं. पडद्यावर विद्युतप्रवाहाची रेषा.)

टेकलं. शेजारच्या पेशीनं ग्लुटामेट, म्हणजे निरोप पोचवणारं रसायन, सोडलं आणि रेषा झपकन खाली येऊन परत वर गेली. ॲम्पा रिसेप्टर, म्हणजे ग्लुटामेट चिकटलं की उघडणारी पेशीवरची दारं, उघडले, सोडियम आत शिरलं. तिथेच दुसऱ्या जातीची दारं, एनएमडीए रिसेप्टरही आहेत. ग्लुटामेट त्यांनाही चिकटलंय, तरी ते गप्प. त्यांच्या छिद्रात मॅग्नेशियम अडकून बसलंय. हे १९८४ साली उलगडलं.

आता द्रावणातलं मॅग्नेशियम काढून टाकलंय. पेशी तीच, ग्लुटामेट तेच. रेषा खाली गेली, आणि बघा, वर यायला किती वेळ घेतेय.

जिवंत मेंदूत पेशी स्वतः पुरेशी उत्तेजित असेल तेव्हाच मॅग्नेशियम बाजूला सरकतं. शेजारणीचा निरोप आणि स्वतःची जाग, दोन्ही एकाच वेळी लागतात. मग कॅल्शियम आत येतं, त्या जोडणीवर आणखी ॲम्पा रिसेप्टर बसतात, जोडणी बळकट होते. शिकण्याची सुरुवात इतकी लहान असते.

(पेशी हिरव्या उजळतात.)

ही हिरवी चमक कॅल्शियमची. ती विझायला हवी होती.

ग्लुटामेट साचून राहिलं की कॅल्शियम येतच राहतं आणि पेशी मरते. ग्लुटामेटच्या अतिरेकानं पेशी मरतात, हे संशोधक जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये मांडलं; कॅल्शियमचा वाटा नंतर कळला. अल्झायमर, हंटिंग्टन, एएलएस या मेंदू आणि चेतापेशी झिजवणाऱ्या आजारांत या प्रक्रियेचा हात असल्याचे पुरावे आहेत.

एनएमडीए रिसेप्टर पूर्ण बंद करणारी औषधं पक्षाघातावर वापरून पाहिली. साधली नाहीत, कारण निरोगी पेशींनाही हेच दार लागतं. मेमँटाइन हे औषध मात्र उघड्या छिद्रातच शिरतं आणि लवकर बाहेर पडतं. अल्झायमरसाठी ते युरोपात २००२ मध्ये मंजूर झालं. आजार थांबत नाही, लक्षणांना थोडा उतार पडतो. त्याचं हे वागणं कुणी ओळखलं असेल तर अशाच खोल्यांत, अशाच रेषा तासन् तास पाहणाऱ्यांनी.

(पुन्हा तीच रेषा.)

द्रावणात मॅग्नेशियम परत सोडलंय. रेषेची ती लांब शेपटी आखडत चाललीय.