खांदेरीभोवतीचा समुद्र

दिवाळी जवळ आली की बेळगाव आणि खानापूरच्या गल्ल्यांतून मातीचे किल्ले उभे राहू लागतात. डोंगरी किल्ल्याला माती, दगड आणि वर पेरलेले हळीव पुरतात. जलदुर्ग करायला घेतला की मात्र सारी अडचण समुद्राची होते, कारण निळा रंगवलेला भुसा कितीही नीट पसरला तरी त्याला खोली येत नाही. आपण पाहत आहोत तो देखावा नेमका या अडचणीला भिडणारा आहे. बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्र्यांना लाकडी पॅटर्न (ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो नमुना) करून देणाऱ्या एका कारागिराच्या हातून तो घडतो आहे आणि त्याचा विषय आहे भारतीय नौदलाची पाणबुडी, ‘आयएनएस खांदेरी’.

मुंबईच्या तोंडावरील खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ साली किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रज व सिद्दी या दोघांच्याही विरोधाला न जुमानता तो उभा केला. त्या किल्ल्याचे नाव धारण करणारी ही दुसरी पाणबुडी होय. पहिली, सोव्हिएत बनावटीची, १९६८ साली नौदलात आली होती. सध्याची मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधली गेली आणि २८ सप्टेंबर २०१९ रोजी नौदलात दाखल झाली.

तिची लांबी ६७.५ मीटर आहे. एकास १४४ या प्रमाणातील तिची प्रतिकृती सुमारे ४७ सेंटिमीटर भरते. परंतु या देखाव्याचे स्वरूप ठरवणारा आकडा वेगळाच आहे: पृष्ठभागावर तरंगताना ही पाणबुडी सुमारे १,६१५ टन पाणी बाजूला सारते आणि पूर्ण बुडाल्यावर सुमारे १,७७५ टन. याचा अर्थ, ती वर आलेली असतानाही तिचा जवळपास नऊ-दशांश भाग पाण्याखालीच असतो. युद्धनौकेच्या देखाव्यात पाण्याचा पातळ पत्रा चालून जातो. पाणबुडीच्या देखाव्यात मात्र पाण्याच्या आरपार दिसले नाही, तर पाहणाऱ्याला बोटीचा दहावा हिस्साच दिसतो.

देखाव्यातले हे पाणी म्हणजे इपॉक्सी रेझिन, एक पारदर्शक द्रव. त्यात हार्डनर, म्हणजे घट्ट करणारा दुसरा द्रव, मिसळला की घट्ट होताना ते स्वतःच तापते आणि थर जितका जाड, तितकी उष्णता आत कोंडते. सारे पाणी एकाच वेळी ओतले, तर त्याला तडे जातात आणि प्लास्टिकची बोट वाकू शकते. म्हणून ॲक्रिलिकच्या चार भिंती सिलिकॉनने बंद करून त्यांच्यात थरावर थर चढवला जातो. तळाच्या थरात निळा-हिरवा रंग थोडा अधिक आणि वरच्या थरांत कमी होत गेलेला असतो, कारण पाणी प्रकाशातील तांबडा अंश आधी शोषून घेते आणि खोलवर निळी-हिरवी छटाच उरते.

येथे एक अडचण खऱ्या पाणबुडीसारखीच उभी राहते. रेझिन पाण्यापेक्षा जड असते आणि पोकळ प्रतिकृती त्यात बुडून राहायला तयार नसते. या आकाराची बोट पूर्ण बुडवायची तर अर्ध्या किलोहून अधिक रेझिन बाजूला सारावे लागते आणि तेवढाच जोर तिला वर ढकलतो. खरी पाणबुडी टाक्यांत पाणी घेऊन हा जोर मोडते. येथे बोटीच्या पोटातून दोन स्क्रू तळाच्या फळीत आवळले आहेत आणि पहिल्या थराने पोट धरेपर्यंत सारा भार त्यांच्यावर असतो. प्रतिकृतीची प्रत्येक फट आधी बुजवावी लागते, कारण रेझिन तापले की आतली हवा फुगते आणि बुडबुड्यांच्या माळा कायमच्या अडकून बसतात.

पॅटर्न करणाऱ्याचे ज्ञान येथे फार उपयोगी पडते, असे आम्हांला वाटते. बिडाचे ओतकाम थंड होताना साधारण एक टक्का आटते, म्हणून पॅटर्न मुळातच तेवढा मोठा ठेवतात. रेझिनही थोडे आटते आणि भिंतीलगत वर चढलेली कड सोडून जाते. म्हणून भिंती उंच ठेवून ती कड शेवटी तासून काढायची, हे या कारागिराला कोणी शिकवावे लागले नाही.

बेळगावच्या हवेचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यातील दमट हवेत हार्डनरची ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी क्रिया होऊन पृष्ठभागावर मेणचट थर येतो. तो धुऊन काढला नाही, तर पुढचा थर धरत नाही. थंडीत रेझिन दाट होते आणि बुडबुडे वर येत नाहीत, म्हणून ओतण्यापूर्वी बाटली कोमट पाण्यात ठेवतात. हातमोजे आणि मास्क तर बाराही महिने हवेत.

आता लाटा. बहुतेक देखावे येथेच फसतात, कारण हात नकळत लाट मोठी काढतो. एक मीटर उंचीची लाट या प्रमाणात केवळ सात मिलिमीटर होते. पारदर्शक ॲक्रिलिक जेल ब्रशने थापटून ती उठवली जाते. चालत्या बोटीमागे पसरणाऱ्या लाटांची पाचर दोन्ही बाजूंना सुमारे साडेएकोणीस अंशांची असते, बोट लहान असो वा मोठी. त्यामुळे कोनमापकाने पेन्सिलची रेघ आखूनच जेल लावले जाते. नाकावर मात्र पाणी दुभंगत नाही. या पाणबुडीचे नाक गोलसर असल्याने पाणी त्यावर चढते आणि पाठीवरून दोन्ही अंगांना ओघळते, म्हणून फेसासाठी घेतलेला कापूस विंचरून अगदी विरळ केला आहे आणि तो नाकाच्या थोडा मागे ठेवला आहे.

भिंती काढल्यावर कडा ओल्या पॉलिश पेपरने, खरखरीतपासून बारीक कागदापर्यंत, काचेसारख्या होईतो घासल्या जातील. त्यानंतर हा देखावा खिडकीपासून दूरच्या भिंतीशी ठेवण्यात येणार आहे, कारण उन्हातील अतिनील किरणांनी रेझिन हळूहळू पिवळे पडते.