गिल्बर्ट हिलहून तरुण प्रकाश

(दृश्य : अंधेरी पश्चिम, गिल्बर्ट हिल)

इमारतींच्या गराड्यात उभा असलेला हा काळा कातळ. माथ्यावर गावदेवीचं देऊळ, पायथ्याशी रिक्षांची वर्दळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तो घडला. तो थंड होऊन लाखो वर्षं लोटल्यावर दूरच्या एका दीर्घिकेतून, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहातून, जो प्रकाश निघाला, तो आत्ता कुठे आपल्यापर्यंत पोहोचतोय.

(दृश्य : एनजीसी १३६५)

तीच ही दीर्घिका, अश्मंत तारकासमूहातली एनजीसी १३६५. एनजीसी म्हणजे दीर्घिका, तारकागुच्छ वगैरेंची एक यादी, १३६५ हा तिच्यातला क्रमांक. अंतर सुमारे ५ कोटी ६० लाख प्रकाशवर्षं. मधोमध ताऱ्यांचा सरळ, लांबलचक दंड आणि त्याच्या दोन्ही टोकांपासून वळत गेलेले दोन बाहू. नुसतं बघत राहावं असं रूप! आपल्या आकाशगंगेतही असा दंड आहे, पण आपण तिच्या आतच राहतो. दंड बाहेरून कसा दिसतो, ते अशाच दीर्घिकांकडून शिकायचं.

१८२६ साली ऑस्ट्रेलियातल्या पॅरामॅटा इथून जेम्स डनलॉप या खगोलनिरीक्षकाला ती पहिल्यांदा दिसली. दुर्बीण ९ इंची, त्यानं स्वतः बनवलेली, आरसा धातूचा. दक्षिण आकाशातल्या ६२९ अंधुक ठिपक्यांची त्यानं यादी केली. पुढे खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलनं दक्षिण आफ्रिकेतून ते शोधले, तर जेमतेम एक तृतीयांश सापडले. डनलॉपच्या नावाला बट्टा लागला. पण तशा साधनांनिशी एकट्यानं अख्खं दक्षिण आकाश धुंडाळणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. असे ठिपके म्हणजे स्वतंत्र दीर्घिका आहेत, हे सिद्ध व्हायला आणखी शंभरेक वर्षं लागली.

दंडातून वायू केंद्राकडे ओढला जातो. तिथे नवे तारे जन्मतात आणि मधल्या कृष्णविवराचंही पोषण होतं. हे कृष्णविवर प्रचंड वेगानं स्वतःभोवती फिरतंय, हे २०१३ साली क्ष-किरण दुर्बिणींनी दाखवून दिलं.

(दृश्य : वांगणी, रात्र)

डिसेंबरच्या मध्यावर, रात्री साडेदहाच्या सुमारास ही दीर्घिका मुंबईच्या दक्षिण आकाशात साधारण ३५ अंशांवर असते. शहराच्या उजेडात तिचा पत्ता लागणार नाही. अमावस्येच्या आसपास कर्जत लोकल पकडून वांगणी गाठा. आठ इंची दुर्बिणीतून राखाडी ठिपका दिसेल, फोटोतले रंग दिसणार नाहीत. थेट न बघता नजर किंचित बाजूला ठेवा, ठिपका जास्त उजळ वाटेल. त्याआधी डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास द्या आणि तोवर मोबाईल खिशातच राहू दे.