कापलेली सुरुवात : एला फिट्झजेराल्ड ऐकताना

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : 'एला फिट्झजेराल्डची साँग बुक्स कशी ऐकावीत'. एला ही अमेरिकन जॅझ गायिका. १९५६ ते १९६४ या काळात तिनं अमेरिकन रंगभूमीवरची, सिनेमातली आणि जॅझमधली गाणी एकेका रचनाकाराप्रमाणे गायली. असे आठ संच झाले. कोल पोर्टर, रॉजर्स आणि हार्ट, ड्यूक एलिंग्टन, अर्व्हिंग बर्लिन, गर्श्विन बंधू, हॅरल्ड आर्लेन, जेरोम कर्न, जॉनी मर्सर. पाऊण तासात आठही संच होणार नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. मी आलोय ते एकच गोष्ट सांगायला. या गाण्यांना मुखड्याच्या आधी एक सुरुवात असते. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी बहुतेक वेळा ती टाकून दिली. एलानं ती गायली. ती सुरुवात ऐकल्याशिवाय एला कळत नाही, असं माझं ठाम मत आहे, आणि त्याला कारण एक कॅसेट आहे.

१९८६ साली मी पुण्यात शिकत होतो. कॅम्पात एक दुकान होतं. आपण यादी द्यायची, ते त्यांच्याकडच्या एलपीवरून कॅसेट भरून द्यायचे. मी यादीत एलाची रॉजर्स आणि हार्टची गाणी लिहिली. साठ मिनिटांची कॅसेट, आठवड्यानं या, असं ठरलं. ती कॅसेट मी चार वर्षं ऐकली. फीत बाहेर आली की पेन्सिल घालून गुंडाळायची आणि पुन्हा लावायची. त्यातलं 'बिविच्ड' माझं सगळ्यात लाडकं होतं. एक मुलगी पहिल्यांदा प्रेमात पडलीय, गोंधळलीय, झोप उडालीय, असं ते गाणं मला वाटायचं. खोलीतल्या मित्रांनाही मी ते तसंच समजावून सांगितलं होतं.

पुढे नोकरीला मुंबईत आलो आणि धोबीतलावला एका गोवेकर मास्तरांची ओळख झाली. ते सॅक्सोफोन वाजवायचे. उमेदीची सगळी वर्षं रात्री हॉटेलातला डान्स बँड आणि दिवसा सिनेमाची रेकॉर्डिंग. असे कितीतरी गोवेकर तेव्हा मुंबईत होते. लहानपणी गावच्या चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेले. त्यामुळे अमेरिकेतून छापून आलेला कागद पुढे ठेवला की वाजवायला सुरुवात. मी मोठ्या उत्साहानं माझी कॅसेट त्यांच्याकडे घेऊन गेलो. 'बिविच्ड' लागलं. मास्तरांनी दोन ओळी ऐकल्या, हात वर केला आणि म्हणाले, "पुता, ह्या कंताराची तकली खंय गेली?"

कंतार म्हणजे गाणं, तकली म्हणजे डोकं. या गाण्याचं डोकं कुठं गेलं? मला काही कळेना. मास्तर उठले, पलंगाखालची पेटी ओढली आणि तिच्यातून या गाण्याचा छापील कागद काढला. पिवळा पडलेला, कडा कसरीनं खाल्लेल्या. वरच्या काही ओळींवर निळ्या पेन्सिलीनं मोठी काट मारलेली. आपल्याकडं शाळेत मास्तरांच्या हातात असायची ना, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी, तसल्या पेन्सिलीची काट. बँडलीडर प्रत्येक गाण्यावर ती मारायचा. या भागात ठेका नसतो, लोक नाचता नाचता उभे राहतात, आणि मॅनेजरचा हुकूम असा की पाय थांबता कामा नयेत. मास्तरांनी त्या काटेखालचे स्वर मला गुणगुणून दाखवले. आयुष्यभर कागदावर बघितलेले, पण फ्लोअरवर एकदाही न वाजवलेले स्वर होते ते.

मग त्यांच्या पुतण्यानं बहारीनहून आणलेली एलपी निघाली. सुई ठेवली, आणि माझ्या चार वर्षांच्या ओळखीचं गाणं भलत्याच ठिकाणाहून सुरू झालं. ही मुलगी नव्हतीच! ही चांगली जाणती, जग बघितलेली बाई. ब्रँडीची आख्खी बाटली रिचवूनही सकाळी फुलासारखी ताजी उठते म्हणून सांगणारी. पुरुष काही तिला नवे नाहीत. आणि आता एका अर्ध्याकच्च्या माणसानं तिची दांडी उडवलीय, हे तिला स्वतःला स्वच्छ दिसतंय. 'पाल जोई' या १९४० च्या संगीतिकेत हे गाणं एका श्रीमंत विवाहित स्त्रीच्या तोंडी आहे. सुरुवात कापली की ती बाईच नाहीशी होते. एलाचं ध्वनिमुद्रण सात मिनिटांचं आहे आणि ते या बाईला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडत नाही.

पुण्याला गेलो तेव्हा मी मुद्दाम त्या दुकानात गेलो. कॅसेट भरणारा तोच होता. म्हटलं, तुम्ही गाणी कापली. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, गाणं कुठं कापलंय? गाणं सुरू झालं तिथूनच भरलंय. आधी ती बाई नुसती बोलते."

मला तेव्हा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. ठेका लागेपर्यंत हा माणूस पॉजचं बटण दाबून बसायचा आणि त्याच्या त्या एका बोटानं माझी चार वर्षं खाल्ली. पण 'नुसती बोलते' हे त्यानं बरोबर ऐकलं होतं. या भागाला 'व्हर्स' म्हणतात. नाटकात पात्र बोलत असतं आणि त्याला गाण्यात शिरायचं असतं. संवाद संपला आणि धाडकन गाणं सुरू झालं, तर ते विचित्र दिसतं. म्हणून मध्ये एक जागा करायची, जिथं लय मोकळी असते, चाल बोलण्याच्या अंगानं जाते, आणि हे पात्र आता का गाणार आहे हे कळतं. त्यानंतर 'रिफ्रेन', बहुधा बत्तीस मात्राखंडांचा, म्हणजे आपण जे गाणं म्हणून ओळखतो ते. नाट्यपदं ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. पद मैफलीत गेलं की आधीचा संवाद सुटतो, आणि तो प्रसंग कुणाचा, कुणाला उद्देशून, हे हळूहळू विसरलं जातं. तिकडेही तेच झालं. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, आणि डान्स फ्लोअरला ठेका हवा होता. दोन्हीकडून कात्री लागली ती व्हर्सलाच.

आणि हे मला फार मोलाचं वाटतं, की एला त्या डान्स फ्लोअरवरच वाढली होती. १९३४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या अपोलो थिएटरात हौशी कलाकारांच्या रात्री ती सतरा वर्षांची पोर नाचायला म्हणून गेली आणि ऐन वेळी गायली. पुढच्या वर्षी चिक वेबच्या बँडमध्ये आली. हा बँड सॅव्हॉय बॉलरूम या नाचघराचा, म्हणजे पाय थांबता कामा नयेत. १९३८ साली एका बालगीतावरच्या गाण्यानं ती देशभर गाजली, तेही नाचाचंच. अशा बाईनं १९४८ नंतर एलपी आल्यावर, तबकडीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागल्यावर काय केलं? ती थांबली. तिचा मॅनेजर आणि रेकॉर्ड-निर्माता नॉर्मन ग्रान्झनं साँग बुक्सची कल्पना मांडली, आणि एलानं ठेक्याच्या आधीची ती जागा गाण्याला परत दिली.

माझी तक्रार आहे ती एका जुन्या शेऱ्याबद्दल. तुम्हीही ऐकला असेल : एलाचा गळा निर्दोष, पण तिच्यात दुःख नाही, दुःख ऐकायचं तर तिच्याच काळातली जॅझ गायिका बिली हॉलिडे. बिली हॉलिडेबद्दल मला नितांत आदर आहे. पण हा शेरा मारणाऱ्यांना मी विचारतो, तुम्ही व्हर्स ऐकलीत का? आई गेली तेव्हा एला पंधरा वर्षांची होती. मुलींच्या सुधारगृहात राहिली, हार्लेमच्या रस्त्यांवर दिवस काढले. दुःख तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. गाताना ती ते आपल्या नावावर मांडत नाही, एवढंच. गाण्यातल्या बाईचं जेवढं आहे तेवढं त्या बाईला देते. व्हर्समध्ये ठेक्याचा आधार नसतो, फक्त शब्द आणि श्वास. तिथं तिचा एकही शब्द गिळला जात नाही, ओळीच्या शेवटचं व्यंजनसुद्धा ऐकू येतं, आणि आवाज किंचितही जड होत नाही. याला कोरडेपणा म्हणायचं असेल तर माझं त्यांच्याशी भांडण आहे.

चिठ्ठी आलीय, सात मिनिटं उरलीत. ठीक आहे. साँग बुक्स कशी ऐकावीत, ते आता भरभर सांगतो.

कोल पोर्टरपासून सुरुवात करा. १९५६, वाद्यवृंद बडी ब्रेगमनचा. त्यात 'एव्हरी टाइम वी से गुडबाय' आहे. मेजरवरून मायनरवर जाणं किती विचित्र, असा शब्द त्यात येतो, आणि नेमक्या त्या शब्दांवर साथीचा स्वरमेळ मेजरचा मायनर होतो. आपल्या भाषेत, शुद्ध धैवत कोमल होतो. पोर्टरनं ही जागा इतकी उघड ठेवलीय की कुणाही गायकाला ती बोट दाखवून दाखवण्याचा मोह व्हावा. एला सरळ पुढे जाते. तीनदा ऐका, मग तिचा संयम लक्षात येईल.

मग गर्श्विन. १९५९, पाच तबकड्या, नेल्सन रिडलची वाद्ययोजना. 'बट नॉट फॉर मी' व्हर्ससकट ऐका. या गाण्यासाठी तिला ग्रॅमी मिळालं. आयरा गर्श्विननं म्हटलं होतं की एला गाईपर्यंत आपली गाणी इतकी चांगली आहेत हे त्याला कळलं नव्हतं. शब्द लिहिणाऱ्यानं हे म्हणावं, यात सगळं आलं.

एलिंग्टन शेवटी ठेवा. तिथं नियम वेगळे आहेत. ती शब्द बाजूला ठेवते आणि वाद्यांच्या रांगेत जाऊन बसते. आणि १९६० ची, बर्लिन शहरातली मैफल साँग बुक नसली तरी घ्याच. 'मॅक द नाइफ'चे शब्द ती विसरली आणि भर मैफलीत, ठेका न सोडता, नवे जुळवत गेली. शब्द इतके जपणाऱ्या बाईचे शब्द गेले तेव्हा काय झालं, ते त्यात ऐकायला मिळतं.

राहिलेलं सोडून देतो, कारण एक गाणं लावायचंच आहे. साँग बुक्सच्या सहा वर्षं आधीचं, १९५० चं. साथीला एकटा एलिस लार्किन्सचा पियानो, वाद्यवृंद नाही. 'समवन टू वॉच ओव्हर मी', १९२६ च्या 'ओह, के!' या संगीतिकेतलं. गर्श्विननं ही चाल आधी जलद लयीत बांधली होती. रंगमंचावर गर्ट्रूड लॉरेन्सनं ते हातातल्या चिंधीच्या बाहुलीकडे बघून गायलं. व्हर्समध्ये ती आधी एक म्हण सांगते, प्रेम आंधळं असतं. मग बायबलचा आधार घेते, शोधा म्हणजे सापडेल. मग म्हणते, मी शोधतेय. इथपर्यंत ठेक्याची वाट बघू नका. कुणी मान डोलवायला लागलं तर शेजाऱ्यानं थांबवावं.

मागचे दिवे थोडे कमी करता का? आणि तो पंखाही बंद करा, त्याचा आवाज येतोय. सुई ठेवतो.