‘नाही’ म्हणणाऱ्याचीच परीक्षा का?

१९९३ साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढे एक अर्ज आला. अर्जदार ६८ वर्षांचा, ब्रॉडमूर या कडेकोट बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयात ठेवलेला. निदान पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजे संशय आणि भ्रम होणारा मनोविकार. त्याच्या पायाला गँगरीन झालं होतं. सर्जनचं म्हणणं असं, की गुडघ्याखालून पाय कापला नाही तर वाचण्याची शक्यता जेमतेम १५ टक्के. अर्जदार म्हणाला, एका पायावर जगण्यापेक्षा दोन पायांनिशी मेलो तरी चालेल. बरं, हा गृहस्थ स्वतःला आंतरराष्ट्रीय कीर्तीचा डॉक्टर समजत होता! अशा माणसाच्या ‘नाही’ला किती किंमत द्यायची?

न्यायमूर्ती थॉर्प यांनी पाय कापावा की नाही, या प्रश्नात शिरायचंच टाळलं. त्यांनी तीन गोष्टी तपासल्या. उपचारांची माहिती याला समजते आणि लक्षात राहते का? तिच्यावर त्याचा विश्वास बसतो का? ती तोलूनमापून त्याला निवड करता येते का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं. स्वतःबद्दलच्या त्याच्या भ्रमाचा पायाच्या निर्णयाशी संबंध दिसला नाही. लेखी संमतीशिवाय आता किंवा पुढे कधीही हा पाय कापायचा नाही, असा आदेश निघाला. पुढे साध्या उपचारांवर तातडीचा धोका टळला. हे ऐकून बरं वाटतं, पण निकाल योग्य होता तो त्यामुळे नव्हे. तो माणूस दुसऱ्या दिवशी गेला असता, तरी निकाल योग्यच होता.

दुसऱ्याच्या भल्यासाठी त्याच्या इच्छेविरुद्ध, किंवा त्याला अंधारात ठेवून, त्याच्या वतीने निर्णय घेणं म्हणजे पालकवाद. यात हेतू वाईट नसतो, आणि खरी अडचण तीच आहे. वाईट हेतूशी भांडता येतं; मायेशी भांडायला गेलं की माणूस कृतघ्न ठरतो. वैद्यकाने ही माया फार काळ बिनदिक्कत वापरली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या १८४७च्या आचारसंहितेत रुग्णाचं कर्तव्य स्पष्ट लिहिलं होतं: डॉक्टरची आज्ञा तत्काळ आणि निमूटपणे पाळायची. १९६१मध्ये अमेरिकेतल्या एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी सांगितलं, की कॅन्सरचं निदान रुग्णाला सांगू नये असाच आमचा कल असतो. १९७९मध्ये तेच प्रश्न पुन्हा विचारले, तर ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने होते. अठरा वर्षांत व्यवसायाची भूमिका उलटी झाली. उपचार सुधारले, न्यायालयं मध्ये पडली, रुग्ण बोलू लागले. कारणं अनेक आहेत.

पण पालकवाद गेला असं कुणी समजू नये. बळजबरी कमी झाली. माहिती राखून ठेवणं राहिलं. स्कॉटलंडमधला माँटगोमेरी खटला पाहा. मधुमेह असलेली, लहान चणीची गर्भवती. अशा स्थितीत प्रसूतीच्या वेळी बाळाचे खांदे अडकण्याचा धोका ९ ते १० टक्के. तिने काळजी बोलून दाखवली होती, तरी डॉक्टरांनी हा धोका सांगितला नाही. पुढे न्यायालयात कारणही मोकळेपणाने दिलं: सांगितलं असतं तर अशा बायकांनी सिझेरियनच मागितलं असतं, आणि ते आईच्या हिताचं नाही. १९९९मध्ये बाळ जन्मलं. डोकं बाहेर आल्यावर पूर्ण सुटका व्हायला बारा मिनिटं गेली. प्राणवायू कमी पडला आणि मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवरचा ताबा बिघडणारं अपंगत्व, आलं.

त्या कारणाची तर्करचना नीट ऐका. ‘सांगितलं तर ती तिच्या मनाप्रमाणे निवड करेल, म्हणून सांगायचं नाही.’ तिची निवड हाच धोका मानलेला आहे! तोवर ब्रिटनमध्ये, इतर जबाबदार डॉक्टरही एवढंच सांगतात, हा बचाव चालत असे. २०१५मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो बाजूला सारला. तिच्या जागी असलेल्या समंजस व्यक्तीला जे महत्त्वाचं वाटेल ते सांगायलाच हवं, आणि या विशिष्ट रुग्णाला काय महत्त्वाचं वाटतं हेही डॉक्टरने ओळखायला हवं, असा दंडक घातला.

आता माझा खरा मुद्दा. उघड सक्ती कायद्याने रोखली, माहिती दडवणं न्यायालयांनी रोखलं. मग उरलेला पालकवाद कुठे जाऊन बसतो? स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याच्या ‘क्षमते’च्या चाचणीत. रुग्ण ‘हो डॉक्टर’ म्हणाला की त्याची समज कुणी तपासत नाही. कागद पुढे सरकतो, सही होते. तोच रुग्ण ‘नको’ म्हणाला की लगेच शंका येते: याला कळतंय ना? मानसोपचारतज्ज्ञाला बोलवा. म्हणजे समजून नकार देणाऱ्याची परीक्षा होते आणि न समजता मान डोलावणारा बिनपरीक्षा पास होतो. इंग्लंडच्या २००५च्या मेंटल कपॅसिटी अॅक्टमध्ये, आणि आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही, इतरांना निर्णय चुकीचा वाटतो एवढ्यावरून व्यक्ती अक्षम ठरत नाही असं लिहून ठेवावं लागलं. आपला स्वभावच उलटा आहे, म्हणून लिहावं लागलं.

ही खोड डॉक्टरांचीच नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९मध्ये ‘ऑन लिबर्टी’ या पुस्तकात बजावलं, की माणसाच्या स्वतःच्या भल्याचं कारण त्याच्यावर सक्ती करायला पुरेसं नाही. त्याचंच उदाहरण: मोडक्या पुलावर पाऊल टाकणाऱ्याला, सांगायला वेळ नसेल तर, धरून मागे ओढा. कारण नदीत पडायची त्याची इच्छाच नाही. धोका नुसता संभवत असेल तर मात्र सावध करा आणि सोडून द्या. उदाहरण अजूनही चोख आहे. पण त्याच पुस्तकात तो मुलांना वगळतो, आणि ‘रानटी’ समाजांनाही. त्यांच्यासाठी हुकूमशाही योग्यच, जर सुधारणा हे उद्दिष्ट असेल तर! हा माणूस पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. एवढ्या थोर डोक्यालाही क्षमतेची रेघ आपल्या सोयीच्या जागी ओढायचा मोह झाला.

हेल्मेट आणि सीटबेल्टच्या सक्तीवर मी फार वेळ घालवणार नाही. तिथे माणसाकडून मागितलेली किंमत किरकोळ असते आणि त्याच्या आयुष्याच्या आखणीला धक्का लागत नाही. पाय कापणं, गर्भाशय काढणं, केमोथेरपी घेणं हे त्या पंक्तीत बसत नाही.

उलट बाजूचा एक आक्षेप मला मान्य आहे. ‘तुमचं तुम्ही ठरवा’ म्हणून आकडे समोर फेकणं आणि निघून जाणं, याला स्वायत्तता म्हणत नाहीत. घाबरलेल्या माणसाला ‘तुम्ही माझ्या जागी असता तर?’ असं विचारावंसं वाटतं, आणि डॉक्टरने प्रामाणिक मत द्यावं. काहींना सगळं ऐकायचंच नसतं; मुलीने ठरवावं, असं ते म्हणतात. तोही त्यांचाच निर्णय, पण तो त्यांनी घेतलेला असला पाहिजे. नातेवाईकांनी रुग्णाला न विचारता डॉक्टरला बाजूला घेऊन ‘त्यांना काही सांगू नका’ म्हणणं वेगळं. ‘किती सांगू, आणि कुणाला?’ हा प्रश्न आधी रुग्णाला विचारायला दोन मिनिटं लागतात. तसंच संमतीच्या सहीआधी ‘उद्या काय होणार आहे, तुमच्या शब्दांत सांगा बघू’ असं विचारलं, तर होकाराचीही परीक्षा होते.

शेवटी एक अवघड प्रकरण. बायपोलर आजार, म्हणजे उन्माद आणि नैराश्याचे झटके येणारा मनोविकार, असलेली व्यक्ती बरी असताना लिहून ठेवते: उन्मादाचा झटका आला की मी दाखल व्हायला नकार देईन, तेव्हा माझं ऐकू नका. झटका येतो, आणि ती ओरडून नकार देते. कुणाचं ऐकायचं? मी लिहून ठेवणाऱ्या व्यक्तीच्या बाजूने आहे, कारण तिला दोन्ही अवस्था माहीत होत्या आणि झटक्यातल्या व्यक्तीला त्या वेळी एकच दिसते. पण तो कागद तिने स्वतः लिहिलेला हवा, बरी असताना तो कधीही फाडण्याची मुभा तिला हवी, आणि दाखल केल्यावर दिलेला प्रत्येक उपचार त्या कागदात बसतो का, हे तिच्या घरच्या आणि डॉक्टरांच्या बाहेरच्या कुणीतरी तपासायला हवं.