प्रोटॉन आणि पोलाद: रॉबर्ट विल्सन

शिकागोच्या पश्चिमेला, बटाविया गावापाशी फर्मीलॅब ही प्रयोगशाळा आहे. तिच्या वेशीवरची ही पोलादी कमान पाहा. तीन पाय, एका अंगानं नारिंगी, दुसऱ्या अंगानं काळी. बरोबर मधोमध उभं राहून वर पाहिलं तर ती सगळीकडून सारखी दिसते. जरा बाजूला सरकलं की सारखेपणा मोडतो. कणभौतिकीतली भंगलेल्या सममितीची कल्पना इथं पोलादात उतरली आहे. ती उतरवणारे रॉबर्ट विल्सन या प्रयोगशाळेचे पहिले संचालक.

जन्म १९१४ चा, वायोमिंगमधला. गुरांच्या कुरणांवर वाढलेला हा मुलगा लोहाराच्या भट्टीपाशी अवजारं दुरुस्त करायला शिकला. पुढं बर्कली विद्यापीठात अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या हाताखाली, त्यांनीच शोधलेल्या सायक्लोट्रॉनवर, म्हणजे कणांना गोल फिरवत वेग देणाऱ्या यंत्रावर डॉक्टरेट, मग लॉस अलामोसची गुप्त प्रयोगशाळा, अणुबॉम्बचं काम. जर्मनी शरण आल्यावरही आपण तिथून बाहेर पडलो नाही, ही खंत त्यांनी नंतर उघडपणे बोलून दाखवली.

१९४६ मध्ये त्यांनी प्रोटॉनच्या वैद्यकीय वापरावर एक निबंध लिहिला. वेगवान प्रोटॉन शरीरात शिरल्यावर वाटेत थोडीच ऊर्जा सोडतो आणि थांबता थांबता बरीचशी रिती करतो. तो नेमका कर्करोगाच्या गाठीत थांबवला, तर पलीकडच्या निरोगी पेशी वाचतात. आज कर्करोगावर जो प्रोटॉन उपचार होतो, त्याचं मूळ या निबंधात आहे. आमच्या मते त्यांचं सर्वांत मोलाचं काम हेच.

१९६१ मध्ये ते फ्लॉरेन्सच्या कला अकादमीत शिल्पकला शिकले. १९६७ मध्ये फर्मीलॅबची धुरा हाती आली. तिथं प्रोटॉनना प्रचंड वेग देणारं यंत्र उभारायचं होतं. त्याच्या खर्चाला मंजुरी मागताना, १९६९ साली, सिनेटर पास्टोर यांनी विचारलं: या यंत्राचा देशाच्या संरक्षणाला काही उपयोग? विल्सन यांनी सरळ नाही म्हटलं. चित्रकार, शिल्पकार, कवी यांच्या कामाशी या विज्ञानाचं नातं जोडून ते म्हणाले, देशाचं रक्षण करावंसं वाटावं असा तो घडवायला हे यंत्र मदत करेल. पैसा मागायला आलेल्या माणसानं असं बोलायला छाती लागते. यंत्र उभं राहिलं, तेही मंजूर रकमेच्या आत. आवारात त्यांनी गवे आणून सोडले, विजेच्या खांबांनाही ‘पाय’ या ग्रीक अक्षराचा आकार दिला.

तळ्याकाठचा हा स्टेनलेस स्टीलचा ३२ फुटी स्तंभही त्यांचाच. वेल्डिंग स्वतःच करायचं होतं, पण त्यासाठी कामगार संघटनेचं सदस्यत्व लागे. तेव्हा संचालकसाहेब प्रयोगशाळेतल्याच एका कसलेल्या वेल्डरचे उमेदवार झाले आणि जेवणाच्या सुट्टीत, काम सुटल्यावर पत्रे जोडत राहिले.

पुढच्या, अधिक शक्तिशाली यंत्रासाठी पुरेसा निधी मिळेना, म्हणून १९७८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ते यंत्र, टेव्हाट्रॉन, १९८३ मध्ये त्याच बोगद्यात सुरू झालं आणि १९९५ मध्ये तिथंच टॉप क्वार्क हा मूलकण सापडला. विल्सन त्याच वर्षी ८१ वर्षांचे झाले.