जागा पावसात पाहा

मंडळी, मुंबईतली माणसं प्लॉट बघायला निघतात ती दिवाळीनंतर. हवा छान असते, कर्जत-मुरबाडकडे डोंगर अजून हिरवे असतात, एजंटाची गाडी स्टेशनवर न्यायला येते. त्या दिवसांत कुठलीही जमीन चांगलीच दिसते. म्हणून इसार देण्याआधी तीच जागा एकदा जुलैत पाहा. तीन-चार दिवस झड लागून गेली की जा, आणि एजंटाला न सांगता जा.

या पट्ट्यातले पुष्कळ प्लॉट कालपरवापर्यंत भातखाचरं होती. खाचर म्हणजे पाणी साठावं म्हणूनच बांध घालून सपाट केलेली जमीन. वर मुरूम टाकून हिरवळ लावली म्हणून पाणी आपली वाट विसरत नाही. भराव किती आहे ते शेजारच्या न विकलेल्या खाचरावरून कळतं. ते तीन फूट खाली असेल, तर तुमच्या पायाखाली निदान तीन फूट भराव समजा. मग मालकाला विचारून कोपऱ्यात चार बाय चार फुटांचा, सहा फूट खोल खड्डा घ्या. वर तांबडा मुरूम, खाली काळपट चिकण थर, त्यात कुजलेल्या भाताच्या मुळ्या, असं दिसलं तर पाया त्या थराच्याही खाली, घट्ट मुरमापर्यंत किंवा कातळापर्यंत न्यावा लागतो. भरावावरच फुटिंग (खांबाखालचा काँक्रीटचा पाया) टाकलं तर एक कोपरा खचतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा जातो. पेणकडच्या खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या, दलदलीच्या जमिनीत) तर चिखल इतका खोल असतो, की साध्या फुटिंगवर भागेलच असं नाही; तिथे आधी माती-परीक्षण.

भराव तुम्हालाच घालायचा असेल तर हिशोब आत्ताच करा. तीन गुंठे म्हणजे 3,267 चौरस फूट. तीन फूट उंची धरली तर सुमारे 98 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट), आणि रोलर फिरल्यावर मुरूम बसतो, तेव्हा 120 ब्रास मागवावे लागतील असं धरून चाला. ‘स्वस्त’ प्लॉटच्या भावात हा खर्चही जोडा.

नदीजवळ असाल तर पाटबंधारे खात्याची पूररेषा बघा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. 2019च्या जुलैत बदलापूर-वांगणीदरम्यान उल्हास नदीच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, हे तिथला प्लॉट बघताना आठवावं.

आता कागद. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारने अटींवर दिलेली जमीन, असेल तर परवानगीशिवाय व्यवहार करू नका. ‘इतर हक्क’ हा रकाना बँकेचा बोजा आणि कुळाचं नाव यांसाठी वाचाच. शेतकरी नसलेल्याला 1948च्या कूळ कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, म्हणून जमीन बिनशेती असल्याचा कागद आणि मंजूर लेआउटवर आपला प्लॉट नंबर, दोन्ही हवेत. सर्वांत मोठी फसगत सामाईक सातबाऱ्यात होते: नाव चढतं, पण कुठले दोन गुंठे आपले, ते ठरतच नाही. कुंपण कुठे घालणार?

आणखी एक, भूमी अभिलेखाची मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा हद्दी दाखवणारा नकाशा, घ्या आणि ती हातात धरून हद्दीचे दगड शोधा. जागेवर दिसणारा रस्ता नकाशावर आहे का तेही तिथेच कळेल. नसेल, तर येण्या-जाण्याचा हक्क रस्त्याच्या मालकाकडून लेखी, नोंदणी करून घ्या. ‘सगळे इथूनच जातात’ हा हक्क नव्हे.

आकाराचंही बघा. एक गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट. पुढे 3 मीटर आणि बाकी तिन्ही बाजूंनी दीड मीटर सोडायचं म्हटलं, तर तळमजल्याला उरतात जेमतेम 420 चौरस फूट.

दुसरी फेरी मे महिन्यात मारा. बोअरवेल लागेल असं सगळेच सांगतात. पण आपल्याकडच्या काळ्या कातळात पाणी भेगांमध्येच असतं, शेजारी लागलं म्हणून आपल्याकडे लागेल असं नाही. जवळच्या विहिरीत डोकावा, आणि गावात टँकर कधीपासून येतो ते किराणा दुकानदाराला विचारा.