बॅटरी घ्यायला जा, पण काटा घेऊन

अध्यक्ष महाराज, वाचनालयाची मंडळी, आणि पंख्याखालची जागा धरून बसलेले काकाजी. फळ्यावर विषय लिहिलाय, ‘छोट्या कॅम्परसाठी हलकी बॅटरी कशी निवडावी’. त्यावर येतोच. पण आधी एक गोष्ट सांगू द्या, दोन वर्षांपासून पोटात आहे.

माझी गाडी तुम्हाला ठाऊक आहे. छोटा हत्ती. हत्ती म्हटला की हौदा आलाच, आणि त्या हौद्यावर मी प्लायची खोली बसवली. पलंग, ओटा, पंखा, लहानसा फ्रीज. परवानगीसाठी आरटीओत किती चकरा झाल्या, ते पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेत सांगतो. गाडी ओझं वाहणार 750 किलोच्या आसपास. त्यात प्लाय, पाण्याची टाकी, मी आणि आमची मंडळी. आमच्या दोघांचं वजन इथे सांगत नाही, ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.

पहिल्या वर्षी घरच्या इन्व्हर्टरची 150 अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी उचलून गाडीत टाकली. (अँपिअर-अवर म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप.) 55 किलो! सिमेंटच्या गोणीपेक्षा जड. चिखलदऱ्याच्या घाटात एका वळणावर ती आडवी झाली आणि ॲसिडनं हिच्या सोलापुरी चादरीची चाळणी केली. त्या चादरीचा हिशेब अजून चालू आहे.

म्हणून लिथियम घ्यायला निघालो. दुकानाचं नाव घेत नाही, गावाचंही नाही. 100 अँपिअर-अवरची बॅटरी मी काखेत मारून बाहेर आलो. दुकानदार म्हणाला, “लिथियम हाय ना भाऊ, हलकीच राहते!” आयटीआयमध्ये 30 वर्षं पोरांना वायरमन केलेला माणूस मी, आणि मान डोलावून आलो. वर तो मला हीटरवाली बॅटरी दाखवत होता. थंडीत सेल गरम ठेवते म्हणे. चंद्रपूरकडे फिरणाऱ्या माणसाला!

मे महिना, नवेगावबांध, तळ्याकाठी मुक्काम. दुपारपासून फ्रीज चालू होता, रात्री पंखा लावला. माझ्या हिशेबानं दुसऱ्या दुपारपर्यंत चिंता नव्हती. साडेअकराला पंखा थांबला. अंधारातून आवाज आला, “तुमचं लिथियम झोपलं वाटते.” उरलेली रात्र मी पुठ्ठ्यानं वारा घातला, डासांना आणि तिला.

दुकानात फोन केला तर म्हणे, नवी आहे, दोन-चारदा चार्ज करा, खुलेल. जशी नवी चप्पल! गावी आल्यावर बॅटरी किराणा दुकानात नेली आणि तुरीच्या डाळीच्या काट्यावर ठेवली. 6 किलो 400 ग्रॅम. किराणावाला म्हणाला, “मास्तर, यात माल कुठं हाय?”

त्यानं एका वाक्यात निदान केलं. हिशेब बघा. 12.8 व्होल्ट गुणिले 100, म्हणजे 1280 वॅट-अवर. गाडीसाठी आपण लिथियम-आयर्न-फॉस्फेट घेतो. अख्ख्या बॅटरीचं वजन धरलं तर ते किलोमागे साधारण 100 ते 120 वॅट-अवर देतं. म्हणजे 100 अँपिअर-अवरची खरी बॅटरी 11 ते 13 किलो भरलीच पाहिजे. माझी उघडली (तुम्ही उघडू नका) तर अर्ध्यात सेल आणि अर्ध्यात थर्मोकोल. कापसात काटा मारतात हे आपल्याला आजोबांपासून ठाऊक आहे. तसाच तो बॅटरीतही मारतात.

हे लोह-फॉस्फेटचं वाण 1990च्या दशकात टेक्सासला जॉन गुडइनफ या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत निघालं. लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी 2019 साली त्यांना नोबेल मिळालं तेव्हा ते 97 वर्षांचे होते. म्हणून माझ्या वयात कॅम्पर कशाला, असं कोणी विचारू नये.

अध्यक्ष घड्याळ दाखवून राहिले. शेवटची एसटी आहे, कळलं. भराभर सांगतो.

आधी रोजचा खर्च मांडा. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा पंखा 30 वॅट, 10 तास, झाले 300 वॅट-अवर. दिवे आणि मोबाइल 150. लहान डीसी फ्रीज 400 ते 500. बेरीज 950च्या आत. खरी 100ची लिथियम बॅटरी 80 टक्के वापरली तरी 1000 निघतात. शिशाची निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून तेवढ्याच कामाला ती 170 अँपिअर-अवरची लागेल. म्हणजे 45-50 किलोचा फरक, आणि तो प्रत्येक घाटात डिझेल पिणार.

हीटरवर पैसे घालू नका. आपलं दुखणं उन्हाचं. बऱ्याच कंपन्या चार्जिंगची मर्यादा 45 अंश देतात, आणि ब्रह्मपुरीत मे महिन्यात सावलीतच तेवढं होतं. पत्र्याच्या पेटीत ठेवली तर ऐन दुपारी सोलर जोरात आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतलं राखणदार सर्किट, म्हणणार, नाही घेत. पलंगाखाली ठेवा, हवा खेळू द्या. जागा मागच्या चाकांच्या पुढे, टोकाला नाही, आणि पट्ट्यानं आवळून.

अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर वीज बनवणाऱ्या यंत्राला, थेट जोडू नका. लिथियम इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जातो. मध्ये करंटला लगाम घालणारा 20 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर घाला, चार तासांच्या प्रवासात 80 अँपिअर-अवर भरतात. फ्यूज प्लस टोकाच्या अगदी जवळ.

सोलरचं राहूनच गेलं. असो. नवी बॅटरी बाहेर व्हरांड्यात ठेवली आहे, बाजूला काटाही आहे. उचलून पाहा, मोजून पाहा. फक्त हातातला पाना दोन टोकांवर टाकू नका. मागच्या गावात एकानं टाकला होता, तो पाना अजून माझ्याकडे आहे, अर्धा.